एका डॉलरचा पूल

सेवानिवृत्तीनंतर मुलाबाळांच्या निमित्ताने अमेरिकेची वारी घडणे यात आता आपल्या घराण्यांमध्ये नवलाईचे काही उरलेले नाही. परतलेल्याने नायगारा धबधबा आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा यांवर चार पाने लिहावीत, असा एक अलिखित दंडकही आहे. तो मोडून मी एका जुन्या रेल्वे पुलाविषयी लिहिणार आहे. या पुलावरून आता रेल्वे जात नाही. माणसे नुसती चालतात. आणि तो पूल चालून आल्यापासून माझ्या नोकरीच्या काळातील एक कागद मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता धाकट्या मुलीकडे गेलो होतो. न्यूयॉर्क शहरातून हडसन नदीच्या काठाकाठाने उत्तरेकडे आगगाडीने दोनेक तास गेले की पोकीप्सी नावाचे गाव लागते. नाव तेथील मूळच्या वॅपिंजर लोकांच्या भाषेतून आलेले. इंग्रजी अक्षरे पाहून मी केलेला उच्चार ऐकून जावईसुद्धा हसू आवरू शकले नाहीत. "बाबा, उद्या तुम्हाला पुलावर फिरायला नेते," मुलगी म्हणाली. मी बडोद्याचा माणूस. नोकरीची तीसएक वर्षे गुजरात शासनाच्या ज्या शाखेत गेली, तेथे पूल, मोऱ्या आणि रस्ते यांचे हिशेब तपासणे हेच काम. इतके पूल कागदावर पाहिले की प्रत्यक्ष पूल पाहण्यासाठी सुटीचा दिवस घालवावा असे मुळीच वाटत नव्हते. पण मुलीच्या संसारात पाहुणा असलेल्या बापाने फार बोलू नये, हे एव्हाना शिकलो होतो.

सकाळी नऊच्या सुमारास पूर्वेच्या टोकाने आम्ही पुलावर चढलो. चढलो म्हणणेही चुकीचे, कारण चढ असा लागतच नाही. उंच टेकाडावरून सपाट रस्ता सुरू होतो, दोन्ही बाजूंची झाडे हळूहळू खाली राहतात, मग घरांची छपरे पायांखाली येतात, कोणाच्या परसात वाळत घातलेले कपडे दिसतात, आणि आपण जमिनीवर नाही हे उशिरा ध्यानात येते. मग एकदम नदी. पाण्यापासून २१२ फूट उंचीवर आपण उभे असतो. पुलाची एकूण लांबी ६,७६८ फूट, म्हणजे दोन किलोमीटरांहून थोडी अधिक. रुंद काँक्रीटचा मार्ग, दोन्हीकडे कठडे, मधून मधून बसायला बाके. कोणी धावत होते, कोणी सायकलवर, कोणी कुत्र्याला घेऊन. एक आजीबाई चाकाच्या खुर्चीत बसून चालल्या होत्या आणि त्यांची नात खुर्ची ढकलता ढकलता काही खात होती. सौ.ने शाल घट्ट ओढून घेतली, कारण वारा बोचरा होता. दोन्ही तीरांवरची झाडी पिवळी, तांबडी, शेंदरी झाली होती. त्या रंगांचे वर्णन इतरांनी पुष्कळ केलेले आहे. मी ते सोडून देतो.

दक्षिणेकडे, हाकेच्या अंतरावर म्हणता येईल इतका जवळ, मोटारींचा झुलता पूल दिसतो. तो १९३० चा. खाली पूर्वेच्या काठाने प्रवासी गाड्या धावतात, पश्चिमेच्या काठाने मालगाड्या. आम्ही उभे असताना दोन्हीकडून एकेक गाडी गेली आणि खेळण्यातल्या गाडीसारखी दिसली. रेल्वे खाली आणि माणसे वर, हा उलटा प्रकार पाहून मला त्या पुलाच्या इतिहासात रस वाटू लागला. जागोजागी माहितीचे फलक आहेत, ते वाचत चाललो. पुढे मुलीच्या गावच्या वाचनालयातून दोन-तीन पुस्तके आणून वाचली. एवढा मोठा इतिहास निघेल असे वाटले नव्हते.

या पुलाची कल्पना ज्याने नेटाने लावून धरली, तो हार्वे ईस्टमन हा गृहस्थ स्थापत्यतज्ज्ञ नव्हता की रेल्वेचा मालकही नव्हता. त्याने पोकीप्सीत जमाखर्च आणि व्यापारविद्या शिकवणारे एक कॉलेज काढले होते आणि पुढे तो गावचा नगराध्यक्ष झाला. जमाखर्चाच्या शिक्षकाने पूल मनावर घ्यावा, हे मला मनापासून आवडले. त्या काळी न्यूयॉर्क शहर आणि ऑल्बनी यांच्या दरम्यान हडसनवर एकही पूल नव्हता. पेनसिल्व्हेनियाच्या खाणींतला कोळसा न्यू इंग्लंडमधल्या गिरण्यांकडे जायचा तर नदी आडवी. मालाचे डबे नावांवर चढवून पलीकडे न्यायचे आणि हिवाळ्यात नदी गोठली की तेही अडायचे. पूल झाला तर हा सगळा व्यवहार आपल्या गावावरून जाईल, असा ईस्टमनचा हिशेब होता.

१८७१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने पूल बांधणाऱ्या कंपनीला सनद दिली. पण नदीच्या पात्रात एकही खांब उभा करायचा नाही, या अटीवर! ही अट कोणाच्या दबावाने आली असेल हे सांगायला नको. नदीवरच्या बोटवाल्यांचा पुलाला विरोध होता. पात्र इतके रुंद की खांबांशिवाय पूल होणे अशक्य. म्हणजे परवानगी दिली आणि दिली नाही. शासकीय भाषेतील ही कला मला अपरिचित नाही. ईस्टमन स्वतः विधिमंडळावर निवडून गेला आणि १८७२ मध्ये सनदेत दुरुस्ती होऊन पात्रात चार खांबांना मुभा मिळाली.

१८७३ च्या डिसेंबरात कोनशिला बसली. वर्ष मात्र वाईट. त्याच वर्षी अमेरिकेत मोठी आर्थिक पडझड झाली, पैसे देणारे हात आखडले. पाठीशी उभा असलेला पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा अध्यक्ष दुसऱ्याच वर्षी वारला. १८७६ मध्ये दुसऱ्या कंपनीने काम हाती घेतले आणि दोन वर्षांत सोडले. १८७८ मध्ये ईस्टमनही गेला. नदीत अर्धवट पाये तसेच राहिले. १८८६ मध्ये काम तिसऱ्यांदा सुरू झाले आणि १८८८ च्या अखेरीस पहिली गाडी पुलावरून गेली. कोनशिलेपासून पंधरा वर्षे. आपल्याकडे एखाद्या कामाला पंधरा वर्षे लागली की आपण शासनाला शिव्या घालतो. ही दिरंगाई खासगी कंपन्यांची होती, एवढेच नोंदवतो.

पायांची हकीकत विशेष आहे. तेथे हडसन खोल, आणि तळाशी खडकाऐवजी गाळ. लाकडाच्या प्रचंड पेट्या तयार करून त्या नदीत उभ्या सोडल्या, आतून गाळ उपसत गेले, आणि पेट्या आपल्याच वजनाने खाली बसत गेल्या, त्या पाण्याच्या पातळीखाली शंभराहून अधिक फूट. मग त्या काँक्रीटने भरल्या. वर दगडी पाये, त्यांवर पोलादी मनोरे, त्यांवर कैच्यांचे गाळे. दोन्ही खांबांवरून हात पुढे करत मधोमध जुळणारे काही गाळे असे बांधले की खालून आधाराचा मचाण लागू नये आणि बोटींची वाट अडू नये. लाकूड पाण्याखाली बुडालेले राहिले तर कुजत नाही. ते अजून तेथेच आहे. आमच्या विश्वामित्रीकाठच्या जुन्या कारागिरांनाही हे ज्ञान होते. विहिरीची वीट गाळात उतरवताना तिच्याखाली लाकडाचे कडे ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे.

पुढे गाड्या जड झाल्या. १९०६-०७ च्या सुमारास पुलाच्या मधोमध कैच्यांची तिसरी ओळ घालून तो बळकट केला. या कामी ज्यांचा सल्ला घेतला ते राल्फ मॉजेस्की पुढे शेजारच्या झुलत्या पुलाचे रचनाकार झाले. १९१८ मध्ये आणखी एक युक्ती केली. दोन्ही मार्गांचे रूळ मध्याकडे सरकवून एकमेकांत गुंफले, म्हणजे पुलावर एका वेळी एकच गाडी जाईल आणि तिचे वजन मधल्या कैचीवर येईल. वय झालेल्या माणसाला घरात कोणते काम सांगावे आणि कोणते सांगू नये, याचा विचार करावा तसा हा प्रकार वाटला.

या कोरड्या माहितीत एक रसाळ गोष्टही सापडली. १८९५ ते १९४९ या काळात, मधली काही वर्षे सोडता, अमेरिकेतील विद्यापीठांच्या होड्यांच्या शर्यती याच पुलाखाली होत. पश्चिमेच्या काठावरील रुळांवर उघड्या डब्यांत बाके मांडलेली एक गाडी शर्यतीच्या वेगाने, होड्यांच्या बरोबरीने चालत असे आणि तिकीट काढून लोक त्या चालत्या गॅलरीतून शर्यत पाहत. ही गाडी पाहायला मिळाली असती तर मी पूलसुद्धा सोडून दिला असता.

ऱ्हास मात्र अगदी ओळखीच्या वाटेने आला. ट्रक आले, गिरण्या दक्षिणेकडे गेल्या, कोळसा मागे पडला. १९६८ मध्ये बड्या रेल्वे कंपन्यांचे विलीनीकरण होऊन पेन सेंट्रल जन्माला आली. ज्या कंपनीकडे हा पूल होता, तीही लवकरच तिच्यात आली. आता हडसन ओलांडायला एकाच मालकाचे दोन मार्ग झाले, आणि मालकाची पसंती उत्तरेकडच्या दुसऱ्या पुलाला. १९७० मध्ये पेन सेंट्रल दिवाळखोरीत गेली. देखभाल करणारी माणसे कमी झाली. ८ मे १९७४ रोजी बहुधा जाणाऱ्या गाडीच्या ब्रेकची ठिणगी पडून लाकडी स्लीपर पेटले. आगीसाठी पुलावर पाण्याची नळवाहिनी बसवलेली होती, पण ती देखभालीअभावी निकामी होती. सुमारे सातशे फुटांचा मार्ग जळाला. पोलादाला फारसे झाले नव्हते. मनावर घेतले असते तर मार्ग दुरुस्त झाला असता. पण ज्यांना पूल नकोच होता त्यांना आग ही सोय झाली. पुलावरून पुन्हा गाडी गेली नाही.

मग दहा वर्षे तो तसाच उभा. १९८४ मध्ये, तोवर मालकी जिच्याकडे आली होती त्या कंपनीने, हा दोन किलोमीटरांचा पूल एका खासगी गृहस्थाला विकला. किंमत एक डॉलर.

हा फलक वाचला तेव्हा मी कठड्याला टेकून थांबलो. मुलीला वाटले दम लागला. "बसता का थोडं?" तिने विचारले. दम लागला नव्हता. एक डॉलर हा आकडा मला ओळखीचा वाटला होता. आमच्या मालमत्तेच्या नोंदवहीत असे आकडे असतात. वस्तू आहे, पण हिशेबातून काढायची आहे. शून्य लिहिले तर नोंदच उरत नाही, म्हणून किमतीच्या रकान्यात नाममात्र एक रुपया. मराठीत त्याला निर्लेखन म्हणतात. आमच्या कचेरीच्या गुजरातीत 'मांडवाळ'. मांडवाळ या शब्दात केवढी शांतता आहे! ऐकणाऱ्याला वाटावे, काहीतरी नीट मांडून ठेवले.

आता माझा तो कागद सांगतो. गाव, तालुका आणि कचेरी यांची नावे घेत नाही. एका लहान नदीवर गायकवाडी अमदानीतला विटांचा, चुन्यात बांधलेला कमानींचा पूल होता. शेजारी शासनाने नवा काँक्रीटचा पूल बांधला आणि मोटारी तिकडून जाऊ लागल्या. जुन्या पुलाच्या देखभालीची रक्कम दरवर्षी अंदाजपत्रकात येई आणि दरवर्षी लेखापरीक्षक विचारत, हा खर्च कशासाठी? अखेर प्रकरण माझ्या टेबलावर आले. जुना पूल उपयोगशून्य असून त्याची मांडवाळ करून तो पाडण्यास व माल लिलावाने विकण्यास हरकत नसावी, असे टिप्पण मी लिहिले. अक्षर माझे चांगले आहे. ते टिप्पण आजही डोळ्यांसमोर दिसते.

त्याच फायलीत एक अर्ज होता. गावच्या प्राथमिक शाळेतल्या मास्तरांनी लिहिलेला, खाली पंचवीस-तीस सह्या आणि काही अंगठे. म्हणणे साधे होते. नव्या पुलावर ट्रक वेगाने येतात, पायी चालायला वेगळी जागा ठेवलेली नाही. शाळेची मुले, डोक्यावर भारा घेतलेल्या बाया आणि बैलगाड्या जुन्या पुलावरूनच जातात. शिवाय संध्याकाळी म्हातारी माणसे त्याच्या कठड्यावर बसतात, गावात बसायला दुसरी जागा नाही. तरी पूल राहू द्यावा. या अर्जावर मी शेरा मारला, 'दफ्तरी दाखल करावा'. वाचकांपैकी जे नोकरीत होते त्यांना या शेऱ्याचा अर्थ सांगायला नको. अर्ज अमान्यही झाला नाही आणि मान्यही. तो फायलीत झोपला. पावसाळ्यापूर्वी पूल पाडला गेला. लिलावात विटांचे काही पैसे आले, ते रीतसर जमा झाले.

माझ्या बाजूनेही बोलायला हवे. कोणाकडून एक पैसा घेतला नव्हता. नियमाबाहेर काही केले नव्हते. पूल जुना, एका कमानीला तडा होता. उद्या कोसळला असता तर जबाबदार कोण, ही भीतीही खोटी नव्हती. पण तो तडा किती खोल आहे, हे कोणी इंजिनियराने उतरून पाहावे, अशी सूचना मी त्या टिप्पणात लिहिली नाही. पाडण्याचा खर्च किती आणि डागडुजीचा किती, हे शेजारी शेजारी मांडून पाहिले नाही. मी हिशेबाचा माणूस, आणि नेमका हिशेबच केला नाही.

पोकीप्सीत तो हिशेब झाला, म्हणून पूल उरला. तोही सहज झाला असे नाही. एक डॉलर देऊन पूल घेणाऱ्याला कर आणि विमा झेपला नाही. बोटींसाठी पुलावर लावायचे दिवेसुद्धा बंद पडले. १९९० मध्ये मालकी आणखी एकाकडे गेली. खालच्या वस्तीतील लोकांना वरून काहीतरी डोक्यावर पडेल ही धास्ती. पाडून टाका म्हणणारे गावात पुष्कळ होते आणि त्यांना मूर्ख म्हणता येणार नाही. १९९२ मध्ये काही नागरिकांनी संस्था स्थापन केली की या पुलावर माणसांना चालू द्यावे. त्यांची टिंगल झाली. १९९८ मध्ये पुलाची मालकी त्या संस्थेकडे आली आणि काही वर्षे सुटीच्या दिवशी स्वयंसेवक हत्यारे घेऊन वर जात, लोकांना थोडे अंतर चालवून आणत. पण दोन किलोमीटरांचा पोलादी पूल श्रमदानाने दुरुस्त होत नाही. पुढे संस्थेची सूत्रे एका स्थानिक वकिलाकडे आली, डायसन फाउंडेशन या तेथील धर्मादाय संस्थेने पैसा आणि पाठबळ दिले, राज्य आणि केंद्र शासनाचा निधी मिळाला.

आणि मुख्य म्हणजे तज्ज्ञांकडून तपासणी झाली. पाण्याखालचे पाये पाहिले, वरचे पोलाद पाहिले. निष्कर्ष असा निघाला की आगगाड्यांचे वजन पेलण्यासाठी बांधलेल्या या सांगाड्याला माणसांचे वजन म्हणजे काहीच नव्हे. उलट एवढा पूल नदीवरून आणि घरांवरून सुखरूप उतरवून काढायचा, तर त्याचा अंदाजित खर्च दुरुस्तीहून अधिक येत होता. म्हणजे भावनेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी जमाखर्चानेसुद्धा पूल ठेवणेच स्वस्त होते. ईस्टमनच्या कॉलेजात हा धडा शोभला असता. जळकी लाकडे काढून टाकली, त्या जागी सुमारे एक हजार तयार काँक्रीटच्या लाद्या बसवल्या, ३ कोटी ८८ लाख डॉलर खर्च आला, आणि ३ ऑक्टोबर २००९ रोजी पूल लोकांसाठी उघडला. १६०९ मध्ये हेन्री हडसन या नदीत शिरला, त्याला तेव्हा चारशे वर्षे होत होती. तो मुहूर्त साधला. २०१४ मध्ये नदीकाठावरून थेट पुलावर नेणारी २१ मजले उंचीची लिफ्ट झाली. पूर्वेला आणि पश्चिमेला जुन्या रेल्वेमार्गांच्याच पायवाटा झालेल्या आहेत, त्या पुलाला जोडल्या. वर्षाला सुमारे पाच लाख माणसे येथे येतात. सांगाड्याची देखभाल राज्याचे पूल प्राधिकरण करते आणि वरच्या मार्गाचा कारभार उद्यान खाते पाहते. एकाच वास्तूवर दोन खाती असूनही काम चालते, हे मी कौतुकाने नमूद करतो.

पश्चिमेच्या टोकाजवळ गळ्यात ओळखपत्र घातलेले एक वृद्ध स्वयंसेवक भेटले. वय माझ्याहून थोडे अधिक असावे. मी कोठून आलो विचारले, मी बडोदा सांगितले, त्यांना ते कळले नाही, मग हिंदुस्थान सांगितले. १९७४ ची आग त्यांनी तरुणपणी स्वतः पाहिली होती. मी विचारले, "पाडा म्हणणाऱ्यांत तुम्ही होता की राखा म्हणणाऱ्यांत?" ते हसले. म्हणाले, "पाडा म्हणणाऱ्यांत. आमचं घर खाली होतं. आई रोज वर बघायची." थोडे थांबून म्हणाले, "आता आठवड्यातून दोन दिवस इथं उभा असतो." सौ.ने त्यांना पिशवीतली चिक्की दिली. ती कशाची, हे समजावून सांगताना मुलीची तारांबळ उडाली.

परतीच्या वाटेवर मला अहमदाबादचा एलिस ब्रिज आठवत होता. वाचकांपैकी अनेकांनी साबरमती त्यावरून ओलांडली असेल. तेथे आधी १८७०-७१ चा लाकडी पूल होता. १८७५ च्या पुरात तो वाहून गेला. मग १८९२ मध्ये पोलादी कमानींचा पूल झाला, म्हणजे पोकीप्सीच्या पुलाचाच समवयस्क. तो बांधणारे इंजिनियर हिंमतलाल धीरजराम भचेच यांनी काम अंदाजापेक्षा कमी खर्चात पुरे केले. सरकारला लगेच संशय आला की माल हलका वापरला असणार, चौकशी बसली. चौकशीत माल उत्तम प्रतीचा निघाला. पैसे वाचवणाऱ्याची चौकशी होते, ही परंपरा अशी जुनी आहे. १९९७ मध्ये त्या पुलावरची वाहने बंद झाली आणि दोन्ही अंगांना नवे पूल उभे राहिले. जुना मधोमध तसाच राहिला. २०२४ मध्ये त्याच्या जीर्णोद्धारासाठी शासनाने निधी मंजूर केला. भरूचला नर्मदेवरचा १८८१ चा पूल, ज्याला सगळे गोल्डन ब्रिज म्हणतात, २०२१ मध्ये शेजारी नवा पूल झाल्यावर वाहनांच्या जाचातून सुटला. आमच्या पिढीने त्यावर तासन्तास वाहनांच्या रांगेत बसून नर्मदामैया पाहिली आहे. त्यावरून कधी निवांत चालता येईल का, हा प्रश्न आता विचारण्यासारखा आहे.

पण जुने ते सारे राखा, अशी घोषणा मी देणार नाही. मोरबीचा संस्थानी काळातला झुलता पूल दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ रोजी लोकांसाठी उघडला आणि चारच दिवसांनी तुटला. १३५ माणसे गेली. तीही फिरायलाच आली होती, दिवाळीच्या सुटीत, मुलाबाळांना घेऊन. आणि अमेरिकेतून परतल्यावर, ९ जुलै २०२५ रोजी, आमच्याच जिल्ह्यात महीवरचा गंभीरा पूल भर सकाळी मधोमध तुटला, वाहने नदीत पडली, वीसहून अधिक माणसे दगावली. तो पूल तर अवघा चाळीस वर्षांचा. म्हणजे वयाचा संबंध नाही. उतरून पाहिले की नाही, एवढाच संबंध. गंभीराची बातमी आली त्या दिवशी मी दिवसभर कोणाशी बोललो नाही. सौ.ला कारण ठाऊक होते, तिने विचारले नाही.

त्यानंतर महिनाभराने मी त्या गावी गेलो. बरोबर धाकटा भाऊ होता. आधी ओळखीच्या एका माणसाकडून फायलीची चौकशी केली होती. मुदत संपल्यावर ती रीतसर नष्ट केल्याचे कळले. मास्तरांचा अर्ज तिच्यातच होता. नव्या पुलावरून चालत जाताना एक ट्रक इतक्या जवळून गेला की भावाने माझा दंड धरला. पलीकडे एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याला जुना पूल आठवत नव्हता, पण त्याच्या वडिलांना आठवत होता. मास्तरांबद्दल विचारले, ते वारून बरीच वर्षे झाली होती. म्हातारबांनी काठीने खाली दाखवले. पात्रात जुन्या पुलाच्या दोन पायांचे बुंधे अजून उभे आहेत. ते पाडणाऱ्याला खोदून काढता आले नसावेत, किंवा लिलावाच्या हिशेबात त्यांची किंमत आली नसावी. एका बुंध्यावर बाया कपडे धूत होत्या. दुसऱ्यावरून शाळेची तीन-चार मुले, दप्तरे काठावर ठेवून, पाण्यात उड्या मारत होती.